अर्धवाक्यांची अँटेना

अर्धवाक्ये हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं चारचौघांसारखं होतं. पण ते सांगायला तोंड उघडलं की अर्ध्यावरच कुणीतरी पुढचं बोलून मोकळं व्हायचं, म्हणून कचेरीतल्या मंडळींनी हे नाव ठेवलं आणि तेच टिकलं. माणूस घुमा होता म्हणावं तर तसंही नाही. उलट बोलायची हौस दांडगी, फक्त नशिबात पूर्णविराम नव्हता. जेवताना "आज भाजी जरा..." म्हणाले की बायको म्हणायची, "खारट झालीय, कळतं मला." त्यांना 'छान' म्हणायचं असायचं. कचेरीत "साहेब, उद्या मला जरा..." म्हणाले की साहेब म्हणायचे, "लवकर यायचंय ना? शाबास!" म्हणजे रजा मागायला आत गेलेला माणूस तासभर लवकर यायचं कबूल करून बाहेर. हे असं लग्नापासून, आणि खरं सांगायचं तर लग्नाच्याही आधीपासून चाललेलं.

आता अशा माणसाला गाडीत रेडिओ बसवायची बुद्धी का व्हावी? तर त्याला कारण त्यांचे साडू.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आवाज भरदार, पोट त्याहून भरदार, आणि 'मी काय सांगतो ते ऐक' हा श्वास घेण्याचा प्रकार. त्यांनी एक भटकंती मंडळ काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी पाचसहा गाड्या एकामागे एक डोंगरात जायच्या. डोंगरात फोन लागत नाहीत, म्हणून सगळ्यांनी गाडीत ट्रकवाले वापरतात तसले बोलायचे रेडिओ बसवून घेतले होते. पुढच्या गाडीत साडू आणि सगळ्यात मागच्या, बिनरेडिओच्या गाडीत अर्धवाक्ये. त्यामुळे व्हायचं असं, की मंडळ चहाला थांबलं की हे पुढे निघून जायचे, आणि शोध घेत परत येऊन चहाला थांबले की मंडळ पुढे निघून गेलेलं असायचं.

एकदा साडू घरी आले असताना रेडिओची महती सांगत होते. सांगता सांगता म्हणाले, "मी काय सांगतो ते ऐक. एकाचं बटण दाबलेलं असेल ना, तोवर दुसऱ्याला मध्ये बोलताच येत नाही!"

अर्धवाक्यांच्या हातातला कप हातातच राहिला. मध्ये बोलताच येत नाही? जगात अशी सोय आहे? आणि ती आपल्याला आत्ता कळतेय? त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी उठले ते ठरवूनच. रेडिओ घ्यायचा. एकदा, फक्त एकदा, बायकोसमोर आणि साडूसमोर एक अख्खं वाक्य बोलायचं. कर्त्यापासून क्रियापदापर्यंत.

हमरस्त्याच्या कडेला ट्रकवाल्यांच्या रेडिओचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "रेडिओ कुठलाही न्या, साहेब. सगळा खेळ अँटेनाचा. आणि अँटेनाचा सगळा खेळ ती कशावर बसवता त्याचा. माउंट कुठला देऊ?"

अर्धवाक्यांना वाटलं होतं की अँटेना ही आपोआप असते. इथे तर भिंतभर प्रकार टांगलेले. एक टपाला भोक पाडून बसवायचा. एक डिकीच्या कडेला चिमटा लावायचा, पण डिकी उघडली की काठी मागे उभ्या असलेल्याच्या नाकात. एक आरशाच्या दांडीला अडकवायचा, तो म्हणे ट्रकलाच शोभतो. आणि एक चुंबकाचा, टपावर ठेवला की झालं. "पण खाली लोखंडी पत्रा हवा बरं का," दुकानदार म्हणाला, "नुसतं चिकटायला नव्हे. अँटेनाच्या पायाखाली लोखंड असल्याशिवाय आवाज लांब जात नाही."

"मला जरा विचार..." अर्धवाक्ये म्हणाले.

"करून या," दुकानदार म्हणाला.

विचार करायला घरी यावं तर इमारतीत आधीच सगळ्यांचा विचार करून झालेला! ही बातमी जिन्यातून कशी पसरते याचा शोध अजून कुणाला लागलेला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते खडू घेऊन खाली उतरले. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. त्यांनी टपावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारल्या, जिथे त्या छेदल्या तिथे फुली केली आणि म्हणाले, "भोक! इथे! दुसरा प्रश्नच नाही." तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या काकू म्हणाल्या, काठीवर वीज पडते आणि ती शेजारच्यांच्या गाडीत उतरते. शेजारची गाडी त्यांची होती.

बायकोनं तर कानांवर हातच ठेवले. "भाऊजींच्या गाडीला भोक? ताईला तोंड कसं दाखवू मी?"

गाडी अर्धवाक्यांची होती. रोख पैसे मोजून साडूंकडून घेतलेली. 'एक ओरखडा नाही, पोटच्या पोरीसारखी सांभाळलीय,' असं म्हणत साडूंनी किल्ली दिली होती, आणि देताना डोळेही पुसले होते. पण घरात अजून तिला भाऊजींची गाडीच म्हणत. पंक्चर झाली तर तेवढी अर्धवाक्यांची.

तेव्हा भोक बाद. राहिला चुंबक. पण अभियंते म्हणाले, परवानगी काढून ठेवा, नंतर भानगड नको. म्हणून अर्धवाक्ये वाहन कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसानं चष्मा वर केला.

"म्हणजे गाडीची उंची वाढणार."

"नाही, ती फक्त काठी..."

"काठी कुणाला? गाडीला. मग उंची गाडीचीच. किती?"

"ती लवते हो. म्हणजे उभी असताना एक उंची आणि गाडी चालू लागली की..."

"वेगळी. बरोबर. मग मी कुठली धरू? वारा असतानाची की नसतानाची?" त्यानं मागच्या टेबलाला विचारलं, मागच्यानं पलीकडच्याला. तिघांनी मिळून बराच विचार केला आणि शेवटी निकाल दिला की अशा अर्जाला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायचा अधिकार वरच्या साहेबांना आहे, जे जेवायला गेलेत. खिडकी बंद झाली. अर्धवाक्ये तिथून तडक दुकानात गेले आणि रेडिओ नि चुंबकाची अँटेना घेऊन आले. आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं बेकायदा कृत्य, आणि त्यांना ते फार आवडलं.

इमारतीच्या आवारात माणसं जमली. अर्धवाक्यांनी खडूची फुली तेवढी सोडून गाडीचा टप पुसला आणि अँटेना नेमकी फुलीवर ठेवली. ती तिथून घसरली, काचेवरून खाली आली, बॉनेटवर क्षणभर थांबली आणि काकूंच्या पायाशी जाऊन पडली.

"उलटी ठेवली असेल," काकू म्हणाल्या.

सुलटी ठेवली, उलटी ठेवली, फुंकर मारून ठेवली. छे! चुंबक अर्धवाक्यांच्या किल्ल्यांना चिकटलं, अभियंत्यांच्या कंबरपट्ट्याला चिकटलं, फाटकाला तर असं चिकटलं की काढायला दोघं लागले. एका अर्धवाक्यांच्या टपाला तेवढं चिकटेना. अभियंते म्हणाले चुंबकच मेलं असेल, आणि खात्री करायला त्यांनी ते स्वतःच्या गाडीवर ठेवलं. टप्पकन् चिकटलं. मग काकूंच्या गाडीवर ठेवलं. तेही चिकटलं. मग इमारतीच्या सेक्रेटरींच्या गाडीवर ठेवलं, जी त्यांनी कोरी करकरीत म्हणून घेतली होती आणि जिच्या पार्टीला सगळे जाऊन आले होते. टपाला चिकटलं, पण डाव्या दारावरून घरंगळत खाली.

अभियंत्यांनी त्या दारावर बोटानं टकटक केलं.

"तिथे लांबी भरलीय," अभियंते म्हणाले. लांबी म्हणजे ठोकर खाल्लेल्या पत्र्यातले खड्डे बुजवायचा तो लगदा. वरून रंग मारला की डोळ्यांना कळत नाही. पण चुंबक काही डोळ्यांनी बघत नाही!

झालं. दुसऱ्या दिवसापासून चुंबकाला इमारतभर मागणी. जो तो म्हणतो, जरा द्या, दोन मिनिटांत आणून देतो. लोक आधी स्वतःच्या गाडीला लावायचे, मग हळूच शेजाऱ्याच्या. कुणाची मागची बाजू निघाली, कुणाचं बॉनेट. एका गृहस्थांनी नुकतीच मेहुण्याला गाडी विकली होती. तो मेहुणा चुंबक मागायला पार दुसऱ्या गावाहून आला. ज्यांची झाकली मूठ सव्वा लाखाची होती त्यांच्या मुठी पटापट उघडल्या, आणि राग कुणावर? अर्धवाक्यांवर! फळ्यावर सेक्रेटरींच्या सहीनं सूचना लागली : 'आवारात चुंबक आणण्यास सक्त मनाई आहे.' शिकवणीला येणाऱ्या मुलांनी त्याखाली, पृथ्वीही एक चुंबकच आहे, तर भूगोलाचं पुस्तक आणावं की नाही, असं विचारून ठेवलं.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं नाही, कारण बोलायची गरजच नव्हती. दुसऱ्यांचं एखादं दार निघालं होतं. अर्धवाक्यांचा अख्खा टप.

पण माणूस आशेवर जगतो. अर्धवाक्यांनी मनाशी म्हटलं, रंगच जाड असेल. साडू खोटं कशाला बोलतील? आपलेच दात, आपलेच ओठ. आता चुंबक गेलं तर गेलं, भोक तरी पाडू. बायकोला विश्वासात घ्यावं म्हणून ते म्हणाले, "अगं, मी गाडी घेऊन जरा..."

"हवा भरून आणा. मागचं चाक बसलंय," बायको म्हणाली.

डेंटिंगवाला गावाबाहेर होता. पत्रे ठोकून ठोकून त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तोही दुसऱ्याला बोलू देत नसे. त्यानं ड्रिल हातात घेतलं, टपावर तळहात टेकवला आणि एकदम थबकला. हात पुढे नेला, मागे आणला. चेहऱ्यावर असं हसू फुटलं, की जणू जुना मित्र भेटला.

"हा हात माझाय, साहेब!"

"म्हणजे?"

"ही गाडी! अहो, शेतात दोन पलट्या खाऊन आली होती. टप पार सीटला टेकलेला. मालक म्हणाला टाकून देतो. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. काय काम झालंय बघा! कुठे लाट दिसते? सांगा ना, कुठे दिसते?" त्यानं ड्रिल खाली ठेवून दिलं. "मी नाही भोक पाडणार. एवढं काम पुन्हा माझ्या हातून होणार नाही. आणि पाडलं तर सगळं पापुद्र्यासारखं निघून तुमच्या डोक्यात."

"तो मालक जरा जाडसा, आवाज..."

"भरदार! 'मी काय सांगतो ते ऐक' म्हणायचा. ओळखता?"

अर्धवाक्ये ओळखत होते. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी इतकी हळू चालवली, की सायकलवाले वळून बघायला लागले. रागापेक्षा त्यांना लाजच जास्त वाटत होती. ज्यानं फसवलं तो मजेत आणि फसलेला लाजतो, असा हा उलटा न्याय असतो. घरी सांगावं तर बायकोचं माहेर दुखावणार, तिच्या ताईची मान खाली जाणार. न सांगावं तर जन्मभर भाऊजींची गाडी. तरी संध्याकाळी त्यांनी हिय्या केला.

"अगं, ही गाडी ना, आधी..."

"आधी धुवून घ्या, मग अँटेनाचं बघा," बायको म्हणाली.

बायको गेली स्वयंपाकघरात. फडताळाच्या तळाशी काहीतरी खणखणलं आणि ती भलाथोरला लोखंडी तवा घेऊन बाहेर आली. जाड, काळा, एका हातानं न उचलणारा. "लोखंडच हवंय ना पायाखाली? हा घ्या. माळ्यावरचा सामानाचा कॅरिअर टपावर चढवा, त्याला तारेनं बांधा. बसवा त्यावर तुमचं ते चुंबक."

अर्धवाक्यांनी चुंबक तव्यावर ठेवलं. खट्ट! जगातला कुठलाही आवाज त्यांना इतका गोड लागला नव्हता. तवा टपावर गेला, काठी वर गेली, वायर खिडकीतून आत आली. अभियंते म्हणाले, शास्त्रात बसतं पण शोभत नाही. काकूंनी आपली गाडी दोन जागा लांब नेऊन लावली.

सुट्टीचा दिवस उजाडला. मंडळाच्या गाड्या रांगेनं डोंगराला लागल्या. सगळ्यात पुढे साडू आणि ताई, मग बाकीचे, शेवटी तवा. रेडिओ खरखरला आणि भरदार आवाज आला, "मी काय सांगतो ते ऐका. मागच्या आरशात मला एक तवा दिसतोय. कुणाचं जेवण व्हायचंय का? ओव्हर."

एकेका गाडीतून हसू ऐकू आलं. एकानं विचारलं, तेल आणू का? दुसरा म्हणाला, उलथनं विसरलं वाटतं. मग परत साडू : "काय दिवस आले त्या गाडीला! माझ्याकडे होती तेव्हा एक ओरखडा नव्हता तिच्यावर. माणसाला वस्तू सांभाळता यायला हवी, साडूबुवा. बोला ना काहीतरी. ओव्हर."

अर्धवाक्यांनी बोलायचा माइक उचलला आणि बटण दाबलं.

खरखर थांबली. पाच गाड्या गप्प! साडू गप्प! वळणावळणाचा रस्ता, समोर निळा डोंगर आणि अख्खं आकाश आता फक्त त्यांचं ऐकायला मोकळं होतं. इतकी वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती हीच. वाक्यसुद्धा तयार होतं.

"ही गाडी," ते म्हणाले, आणि पुढच्या पुढच्या वळणावर साडूंच्या गाडीची खिडकी दिसली. खिडकीत ताईंचा हात होता, वाऱ्यावर सोडलेला. त्या मजेत होत्या. "ही गाडी म्हणजे... तिचा टप जरा..."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी थांबवलं नव्हतं आणि ते आपणहून थांबले होते.

बायकोनं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला, आपल्या अंगठ्यानं बटण दाबलं आणि वाक्य पुरं केलं, जसं ती नेहमी करत आली होती.

"टप लांबीचा आहे, भाऊजी. त्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून तवा. शेतात दोन पलट्या खाल्लेली गाडी तुम्ही आम्हाला 'एक ओरखडा नाही' म्हणून विकलीत. ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुला ठाऊक नसणार. पण माझ्या नवऱ्याला वस्तू सांभाळता येत नाही, असं पुन्हा कुणी म्हणायचं नाही. पलटी खाल्लेली गाडी इतकी वर्षं त्यांनी सरळ चालवलीय."

लांब पुढे साडूंच्या गाडीचे मागचे लाल दिवे दोनतीनदा उगाचच लागले आणि विझले. बटण बाईंच्या अंगठ्याखाली होतं. बिचारे बोलणार कुठून?

"तुला कसं..." अर्धवाक्ये थक्क होऊन म्हणाले.

"कळलं? अहो, सगळ्या इमारतीत चुंबक फिरलं, मी काय आंधळी आहे? आणि पलट्यांचं म्हणाल, तर चाक अजून बसलेलंच होतं, टपावर तुमच्या त्या माणसाच्या पंजाचे काळे ठसे. हवा भरणारा टपावर कशाला हात ठेवेल? गाडीत त्या डेंटिंगवाल्याचं कार्ड सापडलं, फोन केला त्याला. तो तर थांबेचना, आपलं काम किती सुरेख ते सांगायला लागला." मग तिचा आवाज जरा खाली आला. "वाटलं, तुम्ही सांगाल. वाट बघत होते."

"मी सांगणारच होतो, पण तू मला..."

बायको काहीतरी बोलणार होती. ओठ उघडलेही होते, पण मिटले. तिनं माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. "गाडी दोन्ही हातांनी चालवा. बटण मी धरते. बोला आता काय बोलायचं ते. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, वचन."

आणि अर्धवाक्ये बोलले! आधी चाचरत, मग हळूहळू, मग धबधब्यासारखं. ते दुकानदाराबद्दल बोलले, खडूच्या फुलीबद्दल बोलले, वारा असतानाच्या आणि नसतानाच्या उंचीबद्दल बोलले. कचेरीतली न मिळालेली रजा सांगितली. भाजी कधीच खारट नव्हती, छान होती, हे सांगितलं. वाक्यांमागून वाक्यं, सगळी क्रियापदासकट. एका वाक्यात तर दोन क्रियापदं आली आणि ती दोन्ही त्यांनी वापरली. वळणं मागे पडत होती, झाडं मागे पडत होती. बाई बटण दाबून समोर बघत होत्या, मधूनच मान हलवत होत्या.

"...आणि एवढंच मला सांगायचं होतं. ओव्हर," ते म्हणाले आणि दमून श्वास सोडला.

बाईंनी अंगठा उचलला. रेडिओत नुसती खरखर.

"ऐकलं ना सगळ्यांनी? ओव्हर."

खरखर. अर्धवाक्यांनी पहिल्यांदाच नीट पुढे पाहिलं. रस्ता रिकामा होता. लांबवर एकही गाडी नव्हती, आणि मधे केवढातरी डोंगर आडवा आलेला होता.

"अगं, गाड्या कुठायत?"

"त्या मघाशीच तळ्याकडे वळल्या. डावीकडे. आपण सरळ आलो."

"वळताना तू पाहिलंस?"

"हो की. पाचही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना," बायको म्हणाली.

अर्धवाक्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. बायकोकडे बघितलं. "अगं, तू म्हणजे..." म्हणाले आणि तिथेच अडले. बाई त्यांच्याकडे बघत वाट पाहत राहिल्या, पण पुढचा शब्द काही त्यांनी पुरवला नाही.